एका मुक्कामाला एकदाच

सुनंदाबाई बोलायच्या आधी घोटभर कोमट पाणी प्यायच्या आणि बोलून झालं की ओठ मिटून घ्यायच्या, डब्याला झाकण लावावं तसे. माजलगावात आमच्या वरच्या खोलीत त्या भाड्यानं राहायला आल्या तेव्हा मला वाटलं, बाई शिष्ट दिसतात. मीही कमी बोलते, पण माझं न बोलणं भिण्यातून येतं. त्यांचं तसं नव्हतं. त्या शब्द निवडून काढायच्या, आपण टोपलीतली वांगी निवडतो तसे, आणि निवडलेला शब्द एकदाच बोलायच्या. समोरच्याला ऐकू आलं नाही तर त्या नुसत्या बघत राहायच्या.

याचं कारण मला हळूहळू कळलं. गळ्यात जिथून आवाज निघतो तिथं त्यांना बारीक गाठी झाल्या होत्या. इतकी वर्षं पोरांपुढं मोठ्यानं बोलून झाल्या, असं बीडच्या डॉक्टरनं सांगितलेलं. आवाज जपून वापरा, शाळेत लागेल तेवढाच, घरी गप्प बसा. कुजबुजूसुद्धा नका, त्यानं जास्त ताण पडतो. बाई एका खाजगी शाळेत दुसरीला शिकवायच्या. तिथली नोकरी वर्षावर्षाची होती. आवाज गेला तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेली तर धर्मापुरीला भावाच्या घरात परत जाऊन भावजयीच्या हाताखाली राहायचं. लग्न केलं नव्हतं. "आयुष्यात मी एवढंच एक ठरवलंय, कौसल्याताई, की तिथं परत जायचं नाही," असं त्या एकदा म्हणाल्या आणि लगेच पाणी प्यायल्या.

मला बोलवायचं तर त्या जिन्याच्या तोंडाशी येऊन दोनदा टाळी वाजवायच्या. फोन उचलायच्या नाहीत, तो खिडकीत थरथरत सरकत जायचा. भाजीवाल्यानं तर त्यांना मुकीच धरलं होतं. कीव येऊन तो दर वेळी मूठभर कोथिंबीर जास्त टाकायचा, आणि बाई हात जोडून ती घ्यायच्या. एक दिवस त्यानं त्यांना शाळेच्या फाटकापाशी रस्त्यात पळणाऱ्या पोरांवर ओरडताना बघितलं. पुढच्या खेपेला गाडा थांबवून म्हणाला, "बाई, तुमी तर चांगल्या बोलता की." बाई म्हणाल्या, "तुमच्यापाशी बोलणं मला परवडत नाही." तेव्हापासून कोथिंबीर बंद झाली, पण तो त्यांना नमस्कार करायला लागला.

अशा या बाई रविवारी दुपारी आम्हाला गोष्ट सांगायच्या. हेच मला आजवर नीट कळलेलं नाही.

ते असं सुरू झालं. शेजारच्या जिजाकाकू एकदा माझ्याबरोबर वर आल्या होत्या. काकू म्हणजे आमच्या गल्लीचा भोंगा. कोपऱ्यात बसल्या बसल्या त्यांना एका उघड्या रुमालात रंगीत खडे दिसले, एकाला चार बाजू, एकाला आठ, एकाला त्याहून जास्त. खडीसाखर समजून त्यांनी एक तोंडात टाकला. बाईंनी झडप घालून तो काढून घेतला आणि आम्ही त्यांना पहिल्यांदा पोट धरून हसताना बघितलं, आवाज न करता.

ते फासे होते. लॉकडाऊनमध्ये बाईंचा पुण्याचा भाचा धर्मापुरीला अडकला होता, तो फोनवर मित्रांबरोबर गोष्टीचा एक खेळ खेळायचा आणि जाताना फासे बाईंना देऊन गेला. ना पट, ना सोंगट्या. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. वाटेत काय आलं ते सांगणारा सांगतो, आपल्या माणसानं काय केलं ते आपण सांगायचं, आणि ते जमलं की फसलं ते फाशावर ठरतं. भाच्याच्या गोष्टीत तलवारी आणि राक्षस होते. बाईंनी ते सगळं काढून टाकलं. त्यांच्या गोष्टीत माजलगावचं धरण व्हायच्या कितीतरी आधीच्या काळातल्या तीन बायका एका गढीतून पळालेल्या, मागं गढीचे घोडेस्वार, पुढं सिंदफणा नदी. नदी ओलांडली की सुटल्या.

खेळायला मी, जिजाकाकू आणि तिसरी शबानाभाभी, समोरच्या बांगड्यांच्या दुकानातली.

प्रत्येकीला एक करामत मिळायची, साध्या माणसाला जमत नाही अशी. काय हवी ते आपणच सांगायचं. भाभीनं लगेच सांगितलं, हात लावला की कुठलंही कुलूप उघडावं. काकूंनी बराच विचार केला आणि मागितलं की आपण बघितलं की समोरच्याला झोप लागावी. "मालक गेल्यापासून मला तर लागत न्हाई," त्या म्हणाल्या, "दुसऱ्याला तरी लावीन." मी पाणी थांबवायची करामत मागितली. हात केला की वाहतं पाणी जागच्या जागी उभं राहावं. बाईंनी विचारलं, पाणीच का. माझं माहेर धरणाच्या पाण्यात गेलं. नवी वसाहत मिळाली तिथून शाळा लांब होती, म्हणून माझं शिक्षण चौथीवर थांबलं. एवढं सगळं कोण सांगत बसणार. बाईंनीही परत विचारलं नाही.

मग बाईंनी नियम सांगितला. करामत एका मुक्कामाला एकदाच. गोष्टीत बायका रात्री कुठं मुक्कामाला थांबल्या की प्रत्येकीला एक चिंचोका मिळणार. करामत वापरली की चिंचोका बाईंच्या वाटीत टाकायचा. परत पुढच्या मुक्कामालाच.

काकू भडकल्या. करामत माझी, ती तुमच्या वाटीला इचारून का म्हणून वापरायची, म्हणाल्या. बाई पाणी प्यायल्या. "काकू, दर वेळी वापरली तर ती करामत राहत नाही. मग मी वाटेत काय ठेवायचं, आणि तुम्ही भ्यायचं कशाला?"

भाचा बाईंना सांगून गेला होता की खेळणारे लोक पहिल्या झटापटीतच सगळ्या करामती उधळतात आणि मग मोकळ्या हातानं बसतात, त्यांना आवरायला हा नियम असतो. आमचं उलटंच झालं. आम्ही तिघींनी चिंचोका मुठीत धरला तो सोडलाच नाही. वाटेत कुत्री आली, आम्ही झाडावर चढलो. चौकीचं कुलूप आडवं आलं, भाभी म्हणाली वळसा घालू. ओढ्याला लोंढा आला तर मी कमरेइतक्या पाण्यातून निघाले. बरोबर एक शेळी होती आमची, दुधाला घेतलेली, ती फासा उलटा पडला तशी वाहून गेली. मुक्काम आला तेव्हा तिघींच्या मुठीत तीन चिंचोके तसेच होते, घामानं ओले झालेले.

बाईंनी तिन्ही मुठी उघडून बघितल्या. म्हणाल्या, "कशासाठी ठेवलं होतं?"

"येळ पडली तर," काकू म्हणाल्या.

"शेळी गेली तेव्हा वेळ पडली नव्हती?"

आम्हाला तशीच सवय होती. चांगलं पातळ पेटीत ठेवायचं, तूप पाहुण्यांसाठी ठेवायचं. शेळी तर गोष्टीतली होती, तरी मला त्या संध्याकाळी भाकरी गोड लागली नाही. पुढच्या रविवारी बाईंनी नियम वाढवला. मुक्कामापर्यंत वापरला नाही तर चिंचोका वाया. शिल्लक धरता येणार नाही.

मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. सकाळी सकाळी काकूंनी पहारेकऱ्याला झोपवलं, भाभीनं कुलूप उघडलं, आणि दोघी म्हणाल्या, आता इथंच मुक्काम. गोष्टीत अजून सूर्य पुरता वर आला नव्हता. बाई म्हणाल्या, थांबा की, झाडाखाली झोपा. चिंचोके दिले परत. काकू खूश. मग बाई हळू म्हणाल्या, "तुम्ही थांबलात. घोडे थांबले नाहीत." आणि टापांचा आवाज यावा तसे फासे मुठीत खुळखुळवले. त्यानंतर मुक्काम मागताना आम्ही तिघी एकमेकींना विचारायला लागलो.

वर जाताना आम्ही काम घेऊन जायचो. मी सुपात तूर, काकू वातींचा कापूस, भाभी डझनाच्या बांगड्या दोऱ्यात ओवायला. नुसतं बसलेलं कुणी बघितलं तर काय म्हणेल, ही भीती. आमचे हे साखर कारखान्यात कामाला, रविवारी दुपारी झोपलेले असायचे, त्यांनी कधी विचारलं नाही. तरी सूप घेतल्याशिवाय माझा पाय जिन्यावर पडायचा नाही.

आणि बाईंचा आवाज. आठवडाभर ज्या बाई टाळीनं बोलायच्या त्यांचा आवाज रविवारी भरून यायचा. मोठा नसायचा. घोड्याचा फेस सांगताना आपल्या मानेवर ओलं लागल्यासारखं वाटायचं. सूप मांडीवर तसंच राहायचं. त्यांनी स्वतःलाही बंधन घातलं होतं. पाण्याचा तांब्या रिकामा झाला की गोष्ट थांबणार. काकू मग खाली जाऊन हळद घातलेलं दूध घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, हे काय तांब्यात न्हाई, हे पेल्यात हाय. बाई हसून पेला घ्यायच्या. अजून थोडं पुढं जायचं. दर रविवारी पेला वर जाऊ लागला. आवाज शेवटाला चिरकायचा, जुनं कापड टरकावं तसा. मी सगळ्यांत जवळ बसायचे.

गोष्ट नदीपाशी येऊन थांबली त्या आठवड्यात एक बाई त्यांना भेटायला आली. त्यांच्या वर्गातल्या पूजाची आई. मी जिन्यात शेंगा फोडत होते, मला सगळं ऐकू येत होतं. पूजा अडखळत बोलायची. शब्द तोंडाशी येऊन अडकायचा, मग ती रडायची. सुनंदाबाई रोज शाळा सुटल्यावर तिला थांबवून घ्यायच्या आणि तिच्याबरोबर तोच शब्द सावकाश म्हणायच्या. पोरीचा आवाज अडकला की बाईंचा आवाज तिला हाताला धरून पलीकडं न्यायचा. असं आईच सांगत होती. मग म्हणाली, "बाई, आता तुमी तिला थांबवून घेत न्हाई. पोरगी घरी परत गप झाली. तिचं काई चुकलं का?"

"तिचं नाही चुकलं. माझा घसा दुखतो," सुनंदाबाई म्हणाल्या. आई माझ्या शेंगांना पाय लागू नये म्हणून पदर सावरत खाली उतरली.

बाई जिन्यात आल्या आणि माझ्या वरच्या पायरीवर बसल्या. टाळी वाजवली नाही, पाणीही प्यायल्या नाहीत.

"मी वर्गातला चिंचोका लपवला, कौसल्याताई," त्या म्हणाल्या. "फळ्यावर लिहून देते. पोरांना एकमेकांत वाचायला लावते. पूजाला घरी पाठवते. घसा वाचवते आणि रविवारी इथं आणते."

मी शेंगा फोडत राहिले. असं का केलंत, हे मी विचारायला हवं होतं. त्यांनीच सांगितलं. वर्गात त्या इतकी वर्षं तेच धडे म्हणत आल्या. इथं पुढचं वाक्य काय येणार हे त्यांनाच ठाऊक नसायचं. "मला खेळायचं होतं," त्या म्हणाल्या. पुढच्या आठवड्यापासून पूजाला परत थांबवून घेणार, असंही म्हणाल्या.

मी ते काकूंना आणि भाभीला सांगितलं. लोकांचं सांगत फिरणं माझ्या स्वभावात नाही, पण पोटात मावेना. काकू पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. मग खेळ बंद करावा, त्या पोरीचा तळतळाट घ्यायला नको. भाभीनं बांगड्यांचं पुडकं खाली ठेवलं. "सच हाय काकू. पर नदी तर पार होऊ द्या. असं पाण्यापाशी उभं ठिवून कसं जमायचं?" एक रविवार. मग बाईंना आपणच सांगू, आता पुरे. हे तिघींनी मिळून ठरवलं. मीही मान हलवली.

त्या रविवारी आम्ही वर गेलो तेव्हा कुणाच्याच हातात काम नव्हतं.

गोष्टीत घोडे मागच्या टेकडीवर दिसायला लागले होते. भाभीचा चिंचोका नावाड्याच्या घराच्या कुलपावर गेला, आत नाव फुटकी निघाली. काकूंनी पहिल्या घोडेस्वाराला झोपवलं, बाकीचे आले. मी माझा चिंचोका वाटीत टाकला. हात केला, खरोखरचाच, त्या खोलीत. मला लाज वाटली नाही.

बाईंनी तांब्या संपवला होता. पेलाही संपला होता. त्यांनी नदी थांबवली. पाणी दोन्हीकडं भिंतीसारखं उभं राहिलं आणि मधे तळ उघडा पडला. चिखलात मासे तडफडताहेत, पाय घसरतोय. मग बाई म्हणाल्या की पुढं एक पार लागला, त्याच्यावर लिंबाचं झाड, अजून ओलं. पाराच्या पलीकडं तीन पायऱ्या. पायऱ्यांवर कौलारू खोली, भिंतीवर पुसट अक्षरं. दारात पोरांच्या चपला ओळीनं. ती आमच्या बुडालेल्या गावची शाळा होती, गोष्ट धरणाआधीची असली तरी. मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. काकूंना विचारून घेतलं असणार, आणि बाकीचं मनानं रचलं असणार, पण पायऱ्या तीनच होत्या. आवाज तिथंच तुटायला लागला. एक शब्द यायचा, एक नुसती हवा यायची. काकू म्हणाल्या, बाई, ऱ्हाऊ द्या. बाईंनी मान हलवली, नाही. त्यांनी मला वर्गात नेलं, कुठं बसायचे ते विचारलं, खिडकीतून काय दिसतं ते सांगितलं. मी रडत होते आणि ऐकत होते. थांबा असं मी म्हटलं नाही. शेवटी त्यांनी बोटानं दाखवलं, पलीकडचा काठ. आम्ही तिघी पोचलो.

सोमवारी त्यांनी वर्गात तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही.

पुढचं भराभर झालं. संभाजीनगरला ऑपरेशन. महिनोन् महिने बोलायचं नाही, नंतरही अगदी थोडं. शाळेनं दुसरी बाई बघितली. शाळेचा काही राग नव्हता, मुलांना शिकवायला आवाज लागतोच. भावाचा फोन खिडकीत थरथरायला लागला. काकू रोज पेलाभर दूध घेऊन यायच्या आणि जिन्याच्या पायथ्यालाच मला देऊन परत जायच्या, वर जायच्या नाहीत. मी पेला वर नेऊन ठेवायचे. बाई आम्हाला काही बोलल्या नाहीत. बोलू शकत नव्हत्या हे खरं, पण डोळ्यांतही राग नव्हता, आणि त्याचाच त्रास जास्त व्हायचा. पूजाला थांबवून घेणं राहूनच गेलं.

उन्हाळ्यात त्या निघाल्या. आम्ही तिघी स्टँडवर सोडायला गेलो. गळ्याभोवती ओढणी गुंडाळलेली, दोन पिशव्या, एक वळकटी. परळीची गाडी लागायची होती, तिथून पुढं धर्मापुरी. पलीकडच्या बाकावर पूजाची आई बसलेली होती, माहेरी सिरसाळ्याला चाललेली. तिनं आम्हाला बघितलं आणि तोंड दुसरीकडं केलं. बाई पिशव्या आमच्याजवळ ठेवून तिच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरनं सांगितलं होतं, दिवसात दोन-चार शब्द. बाई उभ्यानं बोलल्या. आवाज पातळ होता, फाटका, पण आम्हाला तिथपर्यंत ऐकू आला.

"पूजाच्या आई, त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं. घसा दुखत होता हे खरं आहे. पण पूजाच्या वाट्याचा आवाज मी खेळासाठी ठेवत होते. रविवारच्या खेळासाठी. तिला सांगा, तिचं काही चुकलं नव्हतं."

आईनं त्यांच्याकडं बघितलं. मग आमच्या तिघींकडं बघितलं, एकेकीकडं. काकूंनी मान खाली घातली. मी वळकटीची दोरी परत बांधायला घेतली, ती सुटली नव्हती तरी.

"जाऊ द्या बाई," ती म्हणाली. "गाडी लागली बगा."

गर्दीत बाईंना खिडकीची जागा मिळाली. पूजाची आई मागच्या बाकावर बसली. आम्ही खिडकीखाली उभ्या राहिलो. कंडक्टर तिकिटं काढत आला आणि त्यानं बाईंना विचारलं, कुठं. बाईंचे ओठ हलले. तो म्हणाला, मॅडम, मोठ्यानं बोला. त्यांचे ओठ परत हलले, गळ्याची शीर ताणली गेली, आणि काही आलं नाही. सगळा आवाज तिथं बाकापाशी संपला होता. मी खिडकीच्या हातभर अंतरावर होते. मला ठाऊक होतं त्यांना कुठं जायचंय. माझ्या जिभेवर तो शब्द आलाही होता, पण गाडीत एवढी माणसं होती.

"बाईंना परळी द्या," मागच्या बाकावरून पूजाची आई म्हणाली. "बोलत न्हाईत त्या. आन मला सिरसाळा."

कंडक्टरनं मशीनमधून तिकीट फाडलं. सुनंदाबाईंनी ते घेतलं आणि मान वळवून मागं बघितलं, तिच्याकडं. गाडी स्टँडच्या बाहेर पडून वळली तरी त्या तशाच मागं वळून बसलेल्या दिसत होत्या.